कादंबरी लिहून झाली, आता छापायची कुठे? नाशिकच्या लेखकासाठी चार वाटांचा हिशेब

कादंबरीचा शेवटचा खर्डा हातावेगळा झाला की नाशिकमधला नवा लेखक बहुधा तिघांना विचारतो: सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, भेटणारे एखादे ज्येष्ठ, फेसबुकवरचा लेखकमित्र आणि ओळखीतला प्रेसवाला. पहिले म्हणतात, "पुण्याला पाठव, वाट बघ." दुसरा म्हणतो, "ॲपवर टाक, वाचक तिथेच आहेत." तिसरा विचारतो, "पानं किती? प्रती किती?" तिघांचंही खरं असतं, पण तिघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळा लेखक असतो. तो लेखक तुम्ही आहात का, हे ठरवायला पुढचा आढावा उपयोगी पडावा. यात मी कादंबरी आणि कथासंग्रह यांचाच विचार केला आहे. कवितासंग्रहाचं अर्थशास्त्र निराळं, आणि त्यावर बोलायचं तर आधी चहा मागवावा लागेल.

प्रस्थापित प्रकाशक

मराठीतली मोठी प्रकाशनं मुख्यतः पुण्या-मुंबईत. हस्तलिखित पाठवायचं, सोबत कथानकाचा गोषवारा आणि स्वतःबद्दल चार ओळी. उत्तराला महिने लागतात, कधी वर्ष. कधी उत्तर येतच नाही. स्वीकारलं गेलं तरी यादीत नंबर लागून पुस्तक हातात पडेपर्यंत आणखी काळ जातो.

मिळतं काय? चांगल्या प्रकाशनसंस्थेत संपादन मिळतं, आणि पहिल्या कादंबरीला त्याचं मोल सगळ्यात जास्त असतं. मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, छपाई, गोदाम ही डोकेदुखी त्यांची. शिवाय तयार वितरण. राज्यातली सार्वजनिक ग्रंथालयं १९६७च्या कायद्याखाली चालतात, अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे त्यांना अनुदान मिळतं, आणि त्यातून पुस्तकखरेदी होते. ही खरेदी विक्रेत्यांच्या आणि प्रकाशकांच्या याद्यांवरून होते. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठी पुस्तक पाठवणं हे प्रकाशकाचं नेहमीचं काम. एकट्या लेखकाला ते करता येतं, पण प्रत्येक पायरी स्वतः चढावी लागते.

पैसा मात्र थोडा. रॉयल्टी साधारण छापील किमतीच्या १० टक्के धरा. ३०० रुपयांच्या पुस्तकामागे ३० रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती दोन वर्षांत संपली तर १५,००० रुपये. तुम्ही काही गुंतवलेलं नसतं, म्हणून हे वाईट नाही; पण यावर घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्यांचं घर कशावर चालतं ते विचारा.

खरी काळजी करारात घ्यायची. आपल्याकडे लेखक करार वाचतच नाही. पुस्तक येणार या आनंदात शेवटच्या पानावर सही करतो. "सदर साहित्यकृतीचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, सर्व भाषांत" अशा धर्तीचं वाक्य दिसलं की तिथे थांबा. छापील पुस्तकाचा हक्क देणं वेगळं आणि ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, नाटक, चित्रपट, वेबसिरीज हे सगळं त्याच सहीत देऊन टाकणं वेगळं. जे माध्यम प्रकाशक स्वतः हाताळत नाही, त्याचा हक्क त्याला कशासाठी?

१९५७चा कॉपीराइट कायदा इथे लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. हक्कांचं हस्तांतर लेखी असावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरता समजला जातो. ज्याला हक्क दिला त्याने एका वर्षात तो वापरला नाही, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो हक्क संपतो. "वेगळं ठरलेलं नसल्यास" ही पळवाट करारात कुठे आहे का, तेवढं पाहायचं. आणि मुदतीच्या रकान्यात "कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी" असेल तर त्याचा अर्थ तुमचं आयुष्य अधिक ६० वर्षं. नातवंडांनाही तोच करार. तेव्हा पाच किंवा सात वर्षं मागा, आवृत्ती संपून ठरावीक काळात पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क परत, हेही लिहून घ्या. मागितलं म्हणून चांगला प्रकाशक रागावत नाही.

पैसे घेऊन छापणारे

जाहिरातीत हेही प्रकाशकच असतात. पॅकेज असतं: अमुक हजार भरा, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), मुखपृष्ठ, शंभर प्रती, ऑनलाइन विक्री, वर एखादं सन्मानपत्र. याबद्दल माझं मत चांगलं नाही, ते लपवत नाही.

आयएसबीएन भारतात मोफत आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे लेखक स्वतःच्या नावानेही ऑनलाइन अर्ज करू शकतो. "ऑनलाइन उपलब्ध" म्हणजे विक्रीच्या संकेतस्थळावर एक पान. ते पान दुकानातल्या काउंटरसारखं पुस्तक वाचकाच्या हातात देत नाही. उरतो छपाईचा खर्च, तो कोणत्याही प्रेसमधून काढून आणता येतो. दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवली की मधला फरक कशाचा, हे विचारायला जागा मिळते.

अशा ठिकाणी एकच प्रश्न टाकायचा: "पुस्तक खपलं नाही तर तुमचं किती जाईल?" उत्तर शून्य असेल तर समोरचा माणूस मुद्रक आहे. मुद्रक असायला हरकत नाही, पण मग दर मुद्रकाचा हवा आणि हक्क मागायला नको. पैसे तुमचे आणि वर ई-बुक व ऑडिओचे हक्कही त्यांचे, असं असेल तर उठावं.

एक रस्ता आहे जो पुष्कळांना ठाऊक नसतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. अर्ज, हस्तलिखित, परीक्षण असं सगळं होऊन मग अनुदान. वेळ जातो, पण स्वतःच्या खिशातून पॅकेज घेण्याआधी इकडे अर्ज टाकलेला असावा.

स्वतः छापणं

इथे जरा बसून आकडे मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, कागदाचा भाव आणि प्रेस बदलली की बदलतील. डेमी आकार, २४० पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे १५ फॉर्म. किंमत ३०० रुपये. ३०० प्रती, प्रत्येकी ११० रुपये, म्हणजे ३३,००० रुपये छपाई. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून २५,०००. एकूण ५८,०००, दर प्रतीला सुमारे १९३ रुपये.

आता हीच प्रत वितरकाला निम्म्या किमतीत दिली तर १५० येतात. प्रत्येक प्रतीमागे ४३ रुपये तोटा. स्वतः थेट वाचकाला २० टक्के सवलतीने विकली तर २४० येतात, ४७ सुटतात. सगळ्या ३०० प्रती हाताने विकल्या तर १४,००० रुपयांच्या आसपास नफा. थोडक्यात, प्रकाशकाने ५०० प्रती विकून जेवढी रॉयल्टी दिली असती, जवळपास तेवढाच, फक्त ५८,००० आधी घालून आणि विक्रेता स्वतः होऊन.

मग करायचं कशाला? दुसऱ्या आवृत्तीसाठी. अक्षरजुळणी-मुखपृष्ठाचा खर्च तेव्हा नसतो. प्रत ११०ला पडते, वितरकाकडूनही ४० सुटतात, हातविक्रीला १३०. म्हणून स्वतः छापणाऱ्याने पहिल्या आवृत्तीत पैसे कमवायचा विचार करू नये, आणि पहिली आवृत्ती हजाराची काढून घराची एक भिंत अडवू नये. डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रतीही निघतात. प्रतीचा दर चढतो, पण न खपलेल्या प्रतीचा दर त्याहून जास्त असतो.

नाशिकमध्ये छापावं की पुण्यात? नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात, पण तिथे आपली ऑर्डर घेत नाहीत. गावातल्या बऱ्याच प्रेसचं रोजचं काम पत्रिका, कंपन्यांचे कॅटलॉग, शाळांच्या डायऱ्या. पुस्तकाची छपाई त्यांना येते, बांधणीत मात्र फरक पडतो. प्रेसने आधी केलेलं दोनशे पानांच्या वरचं पुस्तक मागून घ्या, मधोमध उघडा आणि पान सपाट दाबा. पाठीचा गोंद कडकडला किंवा पान सुटलं तर तुमच्या पुस्तकाचंही तेच होणार. कागदाचे तंतू पाठीला आडवे येतील असा तो कापला गेला असेल तर पुस्तक आपणहून मिटतं, हातात धरून वाचणाऱ्याचा अंगठा दुखतो. पुण्यात पुस्तकबांधणीचा सराव जास्त, दरातही स्पर्धा आहे. पण शेवटचं प्रूफ टेबलावर ठेवून रंग बघायला सकाळी निघून दुपारी जेवायला घरी येता येतं, ते नाशिकमध्येच. पहिल्या पुस्तकाला मी नाशिक निवडेन, बांधणी तपासून.

फॉन्टचं आधी ठरवा. जुन्या पद्धतीच्या डीटीपीत श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या खास फॉन्टमध्ये जुळणी होते. छापील पुस्तक सुरेख निघतं, पण ती फाइल नंतर ई-बुकसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलायला घेतली की रफार जागा सोडतो, जोडाक्षरं फुटतात, आणि ऱ्याचा र्या होतो. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झालेला मुद्रितशोधकाच्या डोळ्यालाही पटकन दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. म्हणून जुळणी पहिल्यापासून युनिकोडमध्येच करून घ्या आणि बिलाबरोबर मूळ फाइल ताब्यात घ्या. पीडीएफवर समाधान मानू नका.

विक्रीसाठी नाशिक वाईट गाव नाही. १८४०पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रमांची सवय असलेला श्रोता आहे, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची सुरुवात इथूनच झाली. पण प्रकाशन समारंभाला आलेले लोक म्हणजे वाचकवर्ग नव्हे. त्यातले निम्मे नातेवाईक असतात आणि त्यांना प्रत भेट हवी असते. पुस्तक नाशिकबाहेरच्या अनोळखी माणसाने विकत घेतलं की विक्री सुरू झाली असं समजायचं.

दोन किरकोळ गोष्टी. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. आणि प्रकाशक तुम्हीच असल्याने १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची. चार प्रती बाजूला काढूनच ठेवा.

किंडल आणि ॲप

ही दोन नावं लोक एका दमात घेतात, पण त्यांचा वाचक वेगळा आहे. किंडलवर पूर्ण पुस्तक विकलं जातं. केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या किंडल प्रकाशन सेवेवर, मराठी ई-बुक लेखक स्वतः चढवू शकतो, भांडवल जवळजवळ नाही. मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर केडीपी सिलेक्ट या तिथल्या योजनेत जावं लागतं आणि ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत ते पुस्तक डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. म्हणजे हीच कादंबरी त्या काळात प्रतिलिपीवर किंवा स्वतःच्या ब्लॉगवर टाकायची नाही. छापील प्रत विकायला आडकाठी नाही.

प्रतिलिपी, २०१४ साली बंगळुरूहून सुरू झालेलं, भागांचं ॲप आहे. वाचक भाग वाचतो, लगेच प्रतिक्रिया देतो, पुढचा भाग कधी म्हणून विचारतो. प्रेम, कुटुंब, रहस्य, भय इथे चालतं. प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी लटकत ठेवता आलं पाहिजे आणि नेम चुकवता कामा नये. संवाद आणि कथानकाचा वेग शिकायला याइतकी कडक शाळा नाही, हे मी ॲपला नाक मुरडणाऱ्यांना मुद्दाम सांगतो. पण पहिली ऐंशी पानं गाव आणि घर उभं करण्यात घालवणारी कादंबरी तिथे चिरून टाकू नका. ती कादंबरी आणि ते ॲप, दोघांवरही अन्याय होतो.

ऑडिओ पहिल्या पुस्तकाला सहसा थेट मिळत नाही. हक्क राखून ठेवा, तेवढं पुरे. कथा लिहीत असाल तर १९०९पासूनची दिवाळी अंकांची वाट उघडी आहेच. मानधन जेमतेम, पण प्रकाशकाला पाठवायच्या पत्रात "अमुक अंकात कथा" ही ओळ वजन टाकते.

कराचाही फरक आहे. प्रकाशकाकडून मिळालेल्या रॉयल्टीवर १९६१च्या आयकर कायद्याच्या ८० क्यूक्यूबी कलमात जुन्या करप्रणालीखाली ३ लाखांपर्यंत वजावट ठेवली होती. स्वतः छापून विकलात तर तो धंद्याचा नफा. अर्थात ३ लाखांची मर्यादा आडवी येईल ही भीती मराठी कादंबरीकाराने बाळगायचं कारण नाही.

मग कुणी काय करावं

नोकरी आहे, घाई नाही आणि कादंबरीवर कुणी कसलेल्या संपादकाने हात फिरवावा असं वाटतं, त्यांनी प्रस्थापित प्रकाशक. ज्यांना आठवड्याला दोन-तीन भाग लिहिणं जड जात नाही, त्यांनी ॲप. छापील पुस्तकाचा विचार वाचक जमल्यावर. ज्यांचा विषयच एका वर्तुळात खपणारा आहे, समजा द्राक्षबागायतदार किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांतलं जग, आणि त्या वर्तुळात ज्यांची उठबस आहे, त्यांनी स्वतः छापावं. तिथे पुण्याच्या वितरकापेक्षा तुमचा फोन जास्त प्रती विकेल. पॅकेजवाल्यांकडे कुणी जावं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

दोन वाटांत अडकलेल्यांसाठी क्रम असा ठेवता येईल: हस्तलिखित दोन-तीन प्रकाशकांना पाठवा आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी पाठवलं आहे हे पत्रात स्पष्ट लिहा. सहा महिन्यांनी फोन करा. तोवर कादंबरी कुठेही ऑनलाइन टाकू नका, आधी फुकट वाचायला मिळालेलं पुस्तक घ्यायला प्रकाशक कचरतात. दरम्यान युनिकोडमधली फाइल मुद्रितशोधनासह तयार करून घ्या. सगळीकडून नकार आला किंवा वर्ष उलटलं, तर त्याच फाइलवरून दोनशे प्रती आणि ई-बुक काढता येतं, आणि होकार आला तर प्रकाशकाकडे जाणारा मजकूर स्वच्छ असतो.