लिथोफेन फोटोसाठी पीएलए की कोरियन, आणि मागे लाइट कुठला

घरच्या फोटोचं लिथोफेन, म्हणजे मागून लाइट लावला की फोटो दिसतो अशी कमी-जास्त जाडीची प्लेट, करायचं ठरलं की प्रश्न दोनच उरतात, प्लेट कशाची आणि मागे लाइट कुठला. बरेच जण हे दोन वेगवेगळे प्रश्न धरतात, पण प्लेट आणि लाइट शेवटी एकाच बंद डब्यात बसणार असतात हे आधी डोक्यात ठेवा.

ॲक्रिलिक आधीच बाजूला काढतो. लेझरने कोरलेलं आणि खालच्या कडेने लाइट दिलेलं ॲक्रिलिक नेमप्लेटला झकास दिसतं, पण चेहऱ्याला उजेडाकडून सावलीकडे जो हळूहळू उतार लागतो तो त्यात नीट येत नाही. लिथोफेनमध्ये सगळा खेळ जाडीचा आहे, पातळ तिथे उजेड, जाड तिथे काळोख, १८२७ मध्ये फ्रान्समध्ये पोर्सिलेनसाठी पेटंट निघालं तेव्हापासून तत्त्व हेच. त्यामुळे खरी लढत पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, आणि कोरियनची (Corian हे ओट्यांना, देवघरांना वापरतात त्या घट्ट शीटच्या, म्हणजे सॉलिड सरफेसच्या, एका ब्रँडचं नाव; आपल्याकडे कुठल्याही ब्रँडच्या शीटला कोरियनच म्हणतात, मीही तेच म्हणतोय).

पीएलए स्वस्त पडतं, घरच्या थ्रीडी प्रिंटरवर होतं, प्लेट उभी ठेवून शंभर टक्के इन्फिलवर (आतून पूर्ण भरीव) रात्री लावली की सकाळपर्यंत साधारण साइझचं काम होऊन जातं. नवीन असताना दोन्ही प्लेटी शेजारी लावल्या तर चार हातांवरून पाहुण्याला फरक सांगता येणार नाही. अगदी जवळ गेलं तर पीएलएमध्ये गालावरून आडव्या बारीक रेघा जातात, पण त्याही चालून जातात.

मला जे खटकलं ते वेगळंच. आम्ही नागपूरचे, हॉलची पश्चिमेची भिंत, मे महिना. बाहेर ४५ डिग्री, भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली, त्यात फ्रेमच्या मागे प्लाय लावून बंद केलेला डबा आणि आत एलईडी स्ट्रिप. पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं आणि त्याच्या खालच्या तापमानातही कायम ताणाखाली असलं की हळूहळू वाकतं. प्लेटचं पोट पुढे आलं आणि फ्रेमच्या आतल्या कडेला फट पडली, फार नाही, नखाएवढी, पण त्या फटीतून स्ट्रिपचा थेट उजेड येतो आणि लाइट लावला की आजीच्या चेहऱ्याआधी नजर त्या पांढऱ्या रेघेवर जाते. बरं नुसती रेघ दिसते असंही नाही, त्या झगमगाटापुढे फोटोतला काळा भागच फिका वाटायला लागतो, लुगड्याचे काठ, कपाळावरचं कुंकू सगळं धुतल्यासारखं. काळी टेप लावून बघितली, फोमची पट्टी लावली, की फट दुसऱ्या कोपऱ्यात. पुणे-नाशिककडे कदाचित हा त्रास एवढा होणार नाही, आणि पीईटीजी (प्रिंटरचंच दुसरं प्लास्टिक) वापरलं तर ते ८० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, हे मान्य. पण माझं मन तिथेच उडालं.

कोरियनमध्ये साधारण एक तृतीयांश ॲक्रिलिक आणि बाकी खनिज पावडर असते, त्यामुळे प्लेट ताठ राहते. त्याच भिंतीवर उन्हाळे काढले, कड अजून फ्रेमला चिकटून आहे. वजन जास्त, पैसेही जास्त, पण पैसे शीटपेक्षा ती कोरणाऱ्या सीएनसी मशीनच्या (कॉम्प्युटरवर चालणारं) तासांचे लागतात, कारण बारीक टोकाच्या टेपर बॉलनोजने (निमुळतं, गोल टोकाचं टूल) ०.१ मिमीच्या आसपास स्टेपओव्हर (टूलच्या दोन फेऱ्यांतलं अंतर) ठेवूनच चेहरा नीट उतरतो आणि त्याला वेळ लागतोच. शीटसाठी देवघरं बनवणाऱ्यांकडे जा, त्यांच्याकडे ६ मिमीचे कटपीस पडलेले असतात, किचन ओट्याची १२ मिमी उगाच जाड होते. सीएनसीवाल्याला सांगून ठेवा की सगळ्यात पातळ भाग १ मिमीच्या खाली नको. धूळ पिठासारखी उडते, स्वतः कापणार असाल तर व्हॅक्यूम आणि मास्क पाहिजेच.

लाइटचं म्हणाल तर स्ट्रिप वाईट नाही, फक्त तिला खोली लागते. मीटरला ६० एलईडीची स्ट्रिप म्हणजे दोन ठिपक्यांत जवळपास १७ मिमी अंतर, निदान तेवढीच जागा ठिपके आणि उजेड पसरवणाऱ्या दुधी शीटमध्ये सोडावी लागते, नाहीतर ठिपके दिसतात, आणि दिसतात ते नेमके कपाळावर नि गालावर, कारण प्लेट तिथेच पातळ. मी छताला लावतात तो चौकोनी स्लिम पॅनल लाइट घेतला, उजेड आधीच सारखा पसरलेला, फ्रेम पातळ होते आणि ड्रायव्हर (लाइटला वीज पुरवणारा छोटा भाग) डब्याच्या बाहेर ठेवता येतो म्हणून आत गरमीही कमी. ६५०० केल्विनमध्ये (निळसर पांढरा उजेड) माणूस आजारी दिसतो, ४००० चा घ्या, जुना कृष्णधवल फोटो असेल तर ३००० पण छान वाटतो.

कटपीस घेताना मोबाइलचा टॉर्च मागे धरून बघा. ठिपक्याठिपक्यांचा पीस नको, एकसारखा पांढराच घ्या, आणि दोन फोटो शेजारी लावायचे असतील तर दोन्ही प्लेटी एकाच शीटमधून कापून मागा, पांढऱ्या-पांढऱ्यातही उजेड वेगळा येतो.