फियाट डिलाइट रिस्टोअर करून सात-आठ महिने चालवली, गॅरेजवाल्यांचा अनुभव

गाडी १९६९ ची फियाट अकराशे डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, वडिलांनी घेतलेली. हेच मॉडेल पुढे प्रीमियर पद्मिनी नावाने विकलं गेलं. पूर्ण रिस्टोअर करून पुण्यात सात-आठ महिने चालवतोय, मधे अख्खा पावसाळा गेला आणि गॅरेजच्या कामाची खरी परीक्षा पावसाळाच घेतो. डिलिव्हरीच्या दिवशी सगळ्याच गाड्या चकाचक दिसतात.

आधी पत्र्याच्या कामाचं सांगतो कारण सगळ्यात जास्त त्रास तिथे झाला. नाव घेत नाही, पण चांगलं मोठं गॅरेज आहे. तीन-चार महिन्यांत देतो म्हणाले आणि वर्ष उलटून गेलं. फोन केला की "साहेब, सोमवारी नक्की प्रायमरला घेतोय". एकदा न सांगता गेलो तर गाडी शेडच्या बाहेर उघड्या प्लॉटवर, काचा काढलेल्या, वर साधी ताडपत्रीपण नाही आणि घासलेल्या पत्र्यावर सगळीकडे गंज धरलेला. आत शेडमधे माझ्या गाडीच्या जागी एक नवीन एसयूव्ही, इन्शुरन्सचं काम. ह्यात गणित सरळ आहे, क्लेमचं काम आठवड्यात सुटतं आणि पैसे मोकळे होतात, जुनी गाडी महिनोन्‌महिने जागा अडवते, आणि तुमचा अ‍ॅडव्हान्स आधीच खिशात असेल तर त्याला घाई कशाची? म्हणून जुन्या गाडीला मोठा अ‍ॅडव्हान्स देऊच नये, जेवढं काम डोळ्याने दिसेल तेवढेच पैसे. फ्लोअर झाला, बघितला, पैसे. दरवाजे बसले, उघडून-लावून बघितले, पैसे. जो ह्याला नाही म्हणतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

आता जुलैमधे काय झालं ते. डाव्या बाजूच्या रनिंग बोर्डवर (दरवाजांखालची पत्र्याची पोकळ कड) मागच्या दरवाजाखाली रंग पापडासारखा फुगला. दाबला तर आत मऊ. पातळ कपड्यात चुंबक गुंडाळून फिरवला, वरच्या कडेला चिकटला आणि खाली वीतभर कुठेच धरेना. मग स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर पुट्टीचा (खड्डे भरायच्या लांबीचा) जाड थर, म्हणूनच चुंबक धरत नव्हता, त्याच्याखाली रिव्हेट मारलेली पट्टी, आणि पट्टीच्या मागे जुना सडलेला पत्रा तसाच! बिलात मात्र "नवीन पत्रा, वेल्डिंग" असं लिहिलेलं आहे. शिवाय पाणी निघून जायला रनिंग बोर्डला खालून भोकं असतात ती अंडरकोटिंगने (गाडीच्या पोटाला मारायचा जाड थर) बुजवून टाकलेली, म्हणजे पावसाचं पाणी आत साठून राहिलं. ह्या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चासी, रनिंग बोर्ड आणि फ्लोअर गाडीचा भार घेतात. तिथली पुट्टी ही दिसण्यापुरती फसवणूक नाही, घरची माणसं बसतात त्या गाडीत. मला ह्याचाच जास्त संताप आला.

ह्याच गॅरेजने मधे "इंजिन कशाला करत बसता, जुन्या टॅक्सीचं चांगलं इंजिन टाकून देतो" असंही सुचवलं होतं. ते होऊ दिलं नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो, पासिंगला तो जुळावा लागतो. शिवाय ५० वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमाने विंटेज नोंदणी मिळते (नंबरात व्हीए अक्षरं, नवीन नोंदणीची फी २० हजार), तिथेही गाडी मूळ स्वरूपातच लागते. मी ती घेतली नाही कारण मग रोज रस्त्यावर चालवता येत नाही, आणि मला चालवायचीच आहे.

इंजिन दिलं एका छोट्या मशीन शॉपला, एक म्हातारे काका आणि त्यांचा पुतण्या. काकांनी ब्लॉक धुऊन मला बोलावून घेतलं, बोअर डायल (सिलिंडरची झीज मोजायचं काट्याचं यंत्र) हातात देऊन म्हणाले, "तुम्हीच बघा, आत किती खाल्लंय ते." मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिमी, वरपासून खालपर्यंत काटा कसा हलतो ते दाखवलं आणि मगच ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा थोडे मोठे) पिस्टन आणायला सांगितले. जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं पिशवीत घालून परत दिलं. सांगितलेल्या तारखेला चार दिवस उशीर झाला पण फोन त्यांनी स्वतः केला, मला करावा लागला नाही. आज गाडी चौघांना घेऊन दिवे घाट चढते, काटा गरमकडे जात नाही, सकाळी थोडा चोक दिला की चालू. १०८९ सीसीच्या एवढ्या जुन्या इंजिनकडून अजून काय पाहिजे.

सुट्या भागांबद्दल एवढंच, की काढलेलं सगळं घरी आणून ठेवा, फोटो काढून. माझे मूळ हबकॅप आणि मागच्या काचेची बीडिंग (कडेची पट्टी) पहिल्या गॅरेजमधून गायब झाले, "इथेच होते साहेब" एवढंच उत्तर. हबकॅप नंतर जुन्या बाजारात मिळाले, बीडिंग अजून नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाली, आता असे भाग दिवसेंदिवस दुर्मिळच होणार, त्यामुळे गॅरेजमधे हरवलेली वस्तू पैसे देऊनही मिळेल ह्याची खात्री नाही.

सध्या डावी बाजू दुसऱ्या टिंकरकडे (पत्र्याचं काम करणाऱ्याकडे) उघडलीय. त्याने दरवाजे बसवूनच, खालून बॉडीला टेकू देऊन सडका पत्रा कापला म्हणजे दरवाजांची फट हलत नाही, नवीन १८ गेजचा पत्रा टाकलाय आणि रंगाआधी वेल्डिंग बघायला या म्हणून निरोप आलाय. उजवी बाजू दिवाळीनंतर.