डॅब रेडिओ: सात-आठ महिने रोज वाजवल्यावर

पहिलीच गोष्ट, गाणी ऐकायची म्हणून डॅब रेडिओ घेणार असाल तर थोडं थांबा, बोलणं ऐकायला हवा असेल तर खुशाल घ्या. इथे यूकेत नवीन आलेले आपले लोक ग्रुपवर सारखे विचारतात की घरात अलेक्सा आहे, फोन आहे, मग किचनमध्ये वेगळा रेडिओ कशाला, आणि दरवेळी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायचा आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही रेडिंगला राहतो, जुनं विटांचं टेरेस घर (म्हणजे रांगेत एकमेकांना चिकटलेल्या घरांपैकी एक), रेडिओ किचनच्या खिडकीत. सेलमध्ये साठेक पौंडांना पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या कंपनीच्या नाहीतच, डॅबच्याच आहेत.

डॅब म्हणजे एफएमसारखंच हवेतून येतं, वायफाय लागत नाही, फक्त सिग्नल डिजिटल. बीबीसीने 1995 मध्ये सुरू केलं, म्हणजे जगात अगदी सुरुवातीच्यांमध्ये, आणि तिथेच सगळा घोळ आहे. लवकर सुरू केलं म्हणून त्या काळचं एमपी टू कॉम्प्रेशन, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याची जुनी पद्धत, गळ्यात पडलं. मागून डॅब प्लस आलं, कमी डेटात जास्त चांगला आवाज, ऑस्ट्रेलियाने 2009 मध्ये सुरुवातच त्याने केली, पण इथे तोवर लोकांच्या घरी जुने सेट जाऊन बसले होते, ते फेकून द्या असं कोण सांगणार? म्हणून जुनं आणि नवं दोन्ही शेजारी शेजारी चालू आहे आणि बीबीसीची मुख्य स्टेशनं अजून जुन्या डॅबवरच आहेत. रेडिओ 3 म्हणजे शास्त्रीय संगीतवाल्यांना 192 केबीपीएस मिळतात (दर सेकंदाला किती डेटा, म्हणजेच बिटरेट), सिक्स म्युझिक या बीबीसीच्याच गाण्यांच्या स्टेशनला 128. एमपी टूमध्ये 128 म्हणजे काही फार नाही. आणि खाजगी स्टेशनं तर डॅब प्लसवर 32 वर सुद्धा चालवतात, एवढ्याशा डेटात झांजा कुठल्या आणि टाळ्या कुठल्या ते कळत नाही.

यातली माझी लाडकी भानगड म्हणजे क्रिकेट. बीबीसीच्या देशभर चालणाऱ्या सगळ्या स्टेशनांना मिळून जागा एकच, त्यामुळे टेस्ट मॅचची कॉमेंट्री जादा स्पोर्ट्स चॅनेलवर सुरू झाली की बाकीच्यांनी थोडं सरकून बसायचं, म्हणजे त्यांचा बिटरेट कमी. पलीकडे बीथोव्हेन चालू असला तरी क्रिकेट आधी! हे समजल्यावर या देशाबद्दल मला जरा आपुलकीच वाटायला लागली.

सिग्नलचं म्हणाल तर एफएमवर रेंज गेली की खरखर वाढते पण माणूस बोलत राहतो, तुम्ही कान देऊन ऐकता. डॅबवर तसं नाही. आधी कोणीतरी पाण्याखालून बोलल्यासारखं बुडबुड बुडबुड होतं आणि मग एकदम चिडीचूप. एरियल पूर्ण बाहेर काढा आणि सरळ उभी ठेवा, तिरकी नको, कारण इथले डॅबचे सिग्नल उभ्या एरियलसाठीच सोडलेले असतात. शेजारी स्वस्तातला एलईडी दिवा किंवा लोकल चार्जर ठेवू नका. आमच्याकडे सिंकवरचा दिवा बदलल्यावर अर्धा त्रास गेला, आणि त्याआधी मी उगाच रेडिओला शिव्या घालत होते. अजून एक, मधूनमधून ऑटोस्कॅन करायला लागतो, स्टेशनं इकडून तिकडे हलतात, आणि न सापडणाऱ्या स्टेशनच्या नावापुढे स्क्रीनवर प्रश्नचिन्ह येतं. ते बघून नवऱ्याला पहिले दोन आठवडे वाटत होतं की रेडिओच आपल्याला काहीतरी विचारतोय.

आता उशीर. डिजिटल सिग्नल उलगडायला सेटला वेळ लागतो म्हणून डॅब एफएमच्या दोनेक सेकंद मागे, आणि बीबीसी साउंड्स या त्यांच्या रेडिओच्या ॲपवर लावलं तर अर्धा मिनिट किंवा जास्तच मागे. बेडरूममध्ये जुना एफएम आणि किचनमध्ये हा, दोन्ही लावले की जिन्यात उभं राहून एकच बातमी दोनदा ऐकायला मिळते. मजा म्हणजे रेडिओ 4 वर, म्हणजे बीबीसीच्या बोलण्याच्या स्टेशनवर, तासाला ते सहा टोले येतात ना, पिप पिप, ते 1924 पासून चालू आहेत, घड्याळं बिनचूक लावता यावीत म्हणून सुरू केलेले, आणि डॅबवर ते उशिरा पोचतात म्हणजे ज्या कामासाठी आहेत त्या कामाचे उरले नाहीत! तरी कोणी बंद करत नाही. करायला गेलं तर केवढा गदारोळ होईल. सेटवरचं घड्याळ तर आपोआपच लागतं.

बॅटरी हे प्रकरण वेगळंच. डॅब सेट एफएमपेक्षा खूप जास्त बॅटरी खातो. साधे सेल घातले तर आठवडाभरात संपतात, म्हणून रिचार्जेबल पॅक घ्या नाहीतर वायर लावूनच ठेवा. बागेत न्यायची हौस मला पण होती. इथल्या पावसाने ती फेडली.

एवढं सगळं असूनही रोज का लावते? कारण हा डबा मला काही विचारत नाही. लॉगिन नाही, ईमेल नाही, पासवर्ड विसरणं नाही, आणि काल मी काय ऐकलं ते लक्षात ठेवून आज तेच तेच माझ्या पुढ्यात वाढत नाही. स्ट्रीमिंग ॲपला मी एकदा लेकीसाठी बडबडगीतं लावली होती त्याचं उट्टं ते अजून काढतंय. रेडिओवर दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं असतं आणि ते माझ्यासाठी ठरवलेलं नसतं, कणीक मळताना हात भरलेले असताना बदलता पण येत नाही, त्यामुळे ज्याच्या वाटेला मी स्वतःहून कधी गेले नसते असं किती काय कानावर पडतं, मध्ययुगातल्या मठांवर चर्चा, कुठल्या तरी परगण्यातल्या शेतकऱ्याची गुरं, एखाद्या लेबर खासदाराचं बालपण. ऑफिसात लंचला लोक काय बोलतात ते मला आधी अर्धं कळायचं. शब्द कळायचे, संदर्भ नाही. आता बऱ्यापैकी कळतं.

उदाहरणार्थ आर्चर्स. रेडिओ 4 वरची जवळजवळ रोजची श्रुतिका, 1951 पासून देशभर चालू आहे, अँब्रिज नावाचं खोटं गाव, आणि मूळ हेतू काय तर युद्धानंतर धान्याची टंचाई होती तेव्हा शेतकऱ्यांना नवीन गोष्टी सांगायच्या, पण गोष्टीत घोळवून. आपल्या आकाशवाणीचा हातखंडाच की हा. माझी आजी आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतल्या टेकाडे भावजी आणि मीनावहिनींबद्दल शेजारी राहत असल्यासारखं बोलायची, तसं आमच्या शेजारच्या मार्गदर्शक आजीबाई (हे खरं नाव नाही, मी मनात ठेवलेलं) अँब्रिजमधल्या लग्नांबद्दल बोलतात. त्यांच्याशी माझी ओळख आधी फक्त कचऱ्याच्या डब्यांच्या वारापुरती होती. आता आर्चर्सवरून पाच-दहा मिनिटं सहज जातात.

आणि शिपिंग फोरकास्ट! हे मला कोणी आधी का नाही सांगितलं? मध्यरात्रीनंतर पाऊणच्या सुमाराला, जहाजांसाठी हवामान, ब्रिटनभोवतीचा समुद्र 31 भागांत वाटलेला आणि त्यांची नावं ठरलेल्या क्रमाने, व्हायकिंग, नॉर्थ उत्सिरा, साउथ उत्सिरा, फोर्टीज, क्रोमार्टी, पुढे डॉगर, फिशर, जर्मन बाइट. वारा किती, पाऊस आहे का, लांबचं किती दिसेल, बस. जेमतेम तीनशेऐंशी शब्दांत बसवायचं असतं म्हणून एक शब्द फालतू नाही. फिनिस्टेर भागाचं नाव 2002 मध्ये बदलून फिट्झरॉय केलं, म्हणजे डार्विन ज्या बीगल जहाजावर होता त्याचा कप्तान, ज्याने पुढे इथलं हवामान खातं उभं केलं. तर या नावबदलावरही लोक हळहळले होते, ज्यांनी आयुष्यात होडीत पाय ठेवला नाही असे लोक! रत्नागिरी केंद्रावर मच्छीमारांसाठी इशारा लागायचा तेव्हा आमच्या घरात लगेच आवाज बारीक व्हायचा कारण मामाकडे त्यावरून ठरायचं की उद्या जायचं का नाही. इथे तेच काम करणारी बातमी लोक झोप यावी म्हणून ऐकतात. मला सुरुवातीला हे जरा लाडावल्यासारखं वाटलं, आता मी पण ऐकते, काय करणार.

संगीताचं. सिक्स म्युझिकवर 2010 मध्ये कुऱ्हाड येणार होती, बीबीसीनेच बंद करायचं ठरवलं होतं, तर लोकांनी फेसबुक-ट्विटरवर रान उठवलं आणि त्या गोंधळात स्टेशनचं नाव सगळीकडे झालं, ऐकणारे वाढून दहा लाखांच्या वर गेले, शेवटी जुलैमध्ये बीबीसी ट्रस्टने, म्हणजे बीबीसीवर देखरेख करणाऱ्या तेव्हाच्या मंडळाने, प्रस्ताव फेटाळला. इंटरनेटवरच्या मोहिमेने खरंच काही वाचलं अशी उदाहरणं फार नसतील, त्यातलं हे एक. या स्टेशनवर मला गाण्यांपेक्षा मेसेज जास्त आवडतात. लोक टेक्स्ट करतात, मी शेड रंगवतोय, मी रात्रपाळी करून निघालेय, आज मुलगी युनिव्हर्सिटीला गेली आणि घर रिकामं वाटतंय, आणि निवेदक तेवढंच वाचून पुढचं गाणं लावतो. बसमध्ये शेजारी बसून हवेशिवाय दुसरं काही न बोलणारे हेच लोक रेडिओला मात्र सगळं सांगतात. कमेंट सेक्शनमध्ये अशा वाक्याखाली लगेच कोणीतरी अक्कल शिकवायला आला असता. इथे खाली उत्तर द्यायला जागाच नाही, ते बरंय.

खाजगी स्टेशनांबद्दल फार लिहीत नाही. संख्या भरपूर दिसते पण एकाच कंपनीची सत्तरची गाणी, ऐंशीची, नव्वदची अशी वेगवेगळी दुकानं आहेत आणि माल फिरून फिरून तोच. अपवाद म्हणजे केन ब्रूसचं पॉपमास्टर, गाण्यांची प्रश्नमंजुषा. हा माणूस तीन दशकं बीबीसीच्या रेडिओ 2 वर सकाळी असायचा, 2023 मध्ये ग्रेटेस्ट हिट्स रेडिओ या खाजगी स्टेशनवर गेला आणि जाताना पॉपमास्टर पण घेऊन गेला, मग पुष्कळ ऐकणारेही उठून त्याच्या मागे गेले. सत्तरच्या दशकातला ब्रिटिश पॉप आपल्याला काय डोंबल माहीत असणार, तरी मी ऐकते, अंदाजाने उत्तरं देते, आणि बरोबर आलं तर दिवस चांगला जातो.

आपल्या भाषांचं? बीबीसीचं एशियन नेटवर्क 2002 पासून देशभर डॅबवर आहे, त्याची मुळं लेस्टरच्या स्थानिक रेडिओत, सत्तरच्या दशकात आफ्रिकेतून आलेली आशियाई कुटुंबं तिथे स्थायिक झाली त्या काळातली. पंजाबी, हिंदी, गुजराती, बंगाली कानावर येतं. मराठी मला तरी नाही सापडलं. त्यासाठी सेटला ब्लूटूथ आहे, फोनवर न्यूजऑनएअर ॲपमध्ये आकाशवाणी पुणे लावायचं. पण इथे सकाळचे सात म्हणजे तिथे साडेअकरा नाहीतर साडेबारा, घड्याळं बदलतील तसं, त्यामुळे सकाळच्या चहाबरोबर अभंग हे जमत नाही, चहाबरोबर तिकडच्या दुपारच्या बातम्या मिळतात.

लायसन्सबद्दल सगळे विचारतात. रेडिओला लायसन्स लागत नाही. पूर्वी लागायचं, आपल्याकडे पोस्टात भरायचे तसंच, पण इथे ते 1971 मध्ये गेलं. टीव्ही लायसन्स टीव्हीचं आणि आयप्लेअरचं, म्हणजे बीबीसीच्या टीव्हीच्या ॲपचं. साउंड्स ॲपला ते नको, फक्त लॉगिन हवं.

एफएम बंद होणार म्हणून घाई करून घेऊ नका. नॉर्वेने राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम 2017 मध्ये बंद केलं, इथे सरकारी आढाव्यात किमान 2030 पर्यंत राहील असं म्हटलंय. घेताना खोक्यावर डॅब प्लस लिहिलंय ना ते बघा, फक्त डॅब लिहिलेला सेकंडहँड सेट कोणी फुकट दिला तरी नको, अर्धी स्टेशनं दिसणारच नाहीत. इंटरनेट रेडिओवाला महागडा सेट पण मी घेणार नाही, 2023 मध्ये बीबीसीने जुन्या पद्धतीच्या स्ट्रीम बंद केल्या तेव्हा काही जुन्या सेटवर बीबीसी लागेनाशी झाली, धडधाकट यंत्रं असून. हवेतून येणाऱ्याला निदान तो धोका कमी. हेडफोनचं भोक आहे का बघा, बटणं ओल्या हाताने दाबता येतात का बघा, आमच्या सेटचं आवाजाचं बटण गोल फिरणारं आहे आणि त्याच्यासाठी मी अर्धा स्टार जास्त देतेय.

एकूण साडेतीन स्टार. आणि हो, भारतात आईबाबांना भेट म्हणून नेऊ नका. तिकडे डॅब नाही, आकाशवाणीचं डिजिटल डीआरएम नावाच्या वेगळ्याच पद्धतीवर आहे, ते या सेटला कळत नाही. एफएम तेवढं वाजेल, पण साठ पौंडांचा एफएम कशाला, आणि वर प्लग पण इथला तीन चौकोनी पायांचा.