तयार फलक की लोकांनी भरलेली भिंत? सोलापुरात वस्तीचं प्रदर्शन भरवण्याआधी

सोलापुरात एखादं वाचनालय, मंडळ किंवा माजी विद्यार्थ्यांचा गट "आपल्या भागाचं प्रदर्शन भरवू या" म्हणून बसला की पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, माहिती गोळा करू आणि चांगल्या डिझायनरकडून फलक करून घेऊ. दुसरा म्हणतो, लोकांनाच फोटो, वस्तू, आठवणी घेऊन बोलवू. मग निर्णय होतो तो हातातल्या पैशांवर आणि उरलेल्या दिवसांवर. माझं म्हणणं, त्याआधी एक गोष्ट ठरवा. प्रदर्शन उतरवल्यावर मागं काय उरायला हवं आहे? लोकांपर्यंत पोचलेली नेमकी माहिती, की काल अनोळखी असलेली आणि आज एकमेकांना नावानं हाक मारणारी माणसं? दोन्हींसाठी मांडणी वेगळी लागते आणि कामाला लागणारी माणसंही वेगळी लागतात.

जिथं चूक चालणार नाही, तिथं तयार फलक

मार्शल लॉचा विषय घ्या. मे १९३० मध्ये इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. या विषयावर प्रदर्शन करायचं असेल तर लोकांना कोरी कार्डं वाटत बसू नका. अभ्यासकाला सोबत घ्या, मजकूर दोघा-तिघांकडून तपासून घ्या आणि मगच छापा. या नावांत एक काना-मात्रा चुकली तरी ती सगळ्या शहराला लागते. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दलही तेच.

तयार फलकांचं काम लवकर होतं, ते दिसायला नेटकं असतं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जसंच्या तसं नेता येतं. उणीव एकच, पण मोठी. माणसं येतात, रांगेनं पुढं सरकतात, फोटो काढतात आणि जातात. ज्या वस्तीबद्दल फलक आहेत त्या वस्तीतला माणूसही पाहुण्यासारखा फिरतो. त्यात आपल्याकडे फ्लेक्सची सवय अशी की खालच्या पट्टीत शुभेच्छुकांचे फोटो शिरतात आणि मजकुराची जागा खातात. हा मार्ग घेतलात तर देणगीदारांची नावं एकाच फलकावर, एकाच आकारात लावायची हे पहिल्या बैठकीत लिहून ठेवा. नंतर ते कुणाला सांगता येत नाही.

कोरा कागद लावला म्हणजे सहभाग होत नाही

दुसऱ्या टोकाला असते मोकळी भिंत. मोठा पांढरा कागद, बाजूला स्केचपेनं आणि वर एक ओळ: "तुमच्या आठवणी लिहा." संध्याकाळपर्यंत त्यावर मुलांची नावं, बदाम आणि "सोलापूर लय भारी" एवढंच जमतं. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे ती वयस्कर माणसं लांबूनच बघतात. दोष लोकांचा नाही. काय लिहायचं, किती लिहायचं आणि ते पुढं कुठं जाणार, यातलं काहीच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

अशीच एक भिंत जगभर गाजली. २०११ मध्ये कँडी चँग या कलाकार बाईंनी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा रंग दिला आणि स्टेन्सिलनं एकच अर्धवट वाक्य ओळीनं छापलं: मरण्याआधी मला अमुक करायचं आहे. "अमुक"च्या जागी रिकामी रेघ आणि शेजारी खडू. पुढं अशा पाच हजारांहून जास्त भिंती वेगवेगळ्या देशांत उभ्या राहिल्या. लिहिणारी माणसं तिथंही साधीच होती. फरक त्या अर्ध्या वाक्यानं आणि रिकाम्या रेघेनं पाडला, आणि तो ग्राफिक डिझाइनचा भाग आहे.

माझा कल: चौकट आपण ठरवायची, आतलं लोकांनी भरायचं

या दोन्हींच्या मधे एक तिसरी वाट आहे आणि वस्तीच्या विषयांसाठी मला तीच योग्य वाटते. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मोकळ्या मैदानावर एड्सनं गेलेल्या माणसांच्या आठवणीची एक प्रचंड गोधडी अंथरली गेली. तिचे १,९२० तुकडे होते आणि प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, माणसाच्या कबरीएवढा. हे माप पक्कं होतं. आत कुणी शर्ट शिवला, कुणी फोटो लावला, कुणी नुसतं नाव घातलं. माप पक्कं होतं म्हणून शिवणकाम न येणाऱ्या माणसाचा तुकडाही कसबी हाताच्या तुकड्याशेजारी तेवढ्याच मानानं बसला. भारतातही असं काम झालंय. भोपाळमध्ये २०१४ साली वायुकांडातून वाचलेल्यांनी सरकारचे किंवा कंपन्यांचे पैसे न घेता संग्रहालय उभं केलं. तिथं घराघरांतून आलेल्या वस्तू आहेत आणि त्या माणसांचे आवाज आहेत.

सोलापुरात या वाटेला विषयांची वाण नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, तिच्यामागून आलेल्या गिरण्या, भोंग्यावर चालणारी घरं, पूर्व भागातले माग, आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका. यातलं बरंचसं कागदावर कुठं नाही, माणसांकडेच आहे. म्हणून फलकाऐवजी कार्ड करा. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचं, जाड कागदाचं. वर वस्तूच्या फोटोची जागा, खाली तीनच प्रश्न: ही वस्तू कुणाची? ती हातात घेऊन कोणतं काम व्हायचं? त्या कामातलं काय आता कुणाला माहीत नाही? शेवटचा प्रश्न सोडू नका, खरा मजकूर त्यातच येतो.

हे काम प्रदर्शनाच्या मांडवात होत नाही, घरी जाऊन करावं लागतं. अशाच एका तयारीत आम्ही एका तेलुगू भाषक घरी बसलो होतो. अव्वांनी, म्हणजे घरातल्या आजींनी, पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. मग त्या तेलुगूत सांगायला लागल्या आणि नात मराठीत लिहायला लागली. "पूर्वी अव्वा विड्या वळायची," एवढं लिहून नात थांबली. अव्वांनी कार्डावर बोट ठेवलं आणि काय लिहिलंस ते वाच म्हणाल्या. वाचल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांनी हजार विड्यांचा हिशोब सांगितला होता. पान कापायचा पत्र्याचा तुकडा कसा धरायचा, पान कोरडं पडलं तर काय व्हायचं, कारखान्यात तपासणीला किती विड्या बाजूला काढल्या जायच्या आणि त्यांचे पैसे कसे बुडायचे. नातीनं दुसरं कार्ड घेतलं आणि सगळं लिहिलं. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. प्रदर्शनात त्या कार्डापुढं अव्वा तीन शेजारणींना घेऊन आल्या, आणि त्यातल्या दोघींनी तिथंच बसून स्वतःची कार्डं सांगितली.

म्हणून या पद्धतीत डिझायनरइतकीच गरज लिहून घेणाऱ्याची असते. प्रवेशद्वाराजवळ टेबल आणि दोन खुर्च्या ठेवा. बसणाऱ्याला मराठीबरोबर तेलुगू, कन्नड किंवा उर्दू यायला हवी, आणि सांगणाऱ्याचे शब्द न बदलता लिहायची सवय हवी.

चादरीच्या बाबतीत याहून पुढं जाता येतं. जॅकार्डवर, म्हणजे पंच कार्डांवर चालणाऱ्या नक्षीच्या मागावर, विणायची नक्षी आधी चौकड्यांच्या कागदावर घर भरत भरत काढतात आणि त्यावरून भोकं पाडून ती कार्डं तयार करतात. मुलांना तसाच कागद द्या आणि शेजारी नक्षी काढण्यात आयुष्य गेलेला एखादा कारागीर बसवा. मुलीनं काढलेलं फूल बघून तो सांगेल की इथं धागा फार लांब मोकळा राहतो, वापरात अडकून तुटेल, मधे दोन घरं भर. मुलगी दोन घरं भरते आणि फूल बदलतं. सोलापूरचं डिझाइन काय आहे हे सांगायला याहून चांगला फलक मला सुचत नाही.

छपाई, कापड आणि लिपी

इथं थोडक्यात. फ्लेक्स स्वस्त आहे आणि एका दिवसात मिळतो, पण त्यावर कार्ड टाचता येत नाही आणि नंतर तो ताडपत्री म्हणूनच उरतो. सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका जाड पुठ्ठा, सरळ उभा राहतो, मात्र नेता-आणताना त्याचे कोपरे दुमडतात. लोकांनी भरायच्या प्रदर्शनाला मांजरपाट सगळ्यात बरा. शीर्षकं स्क्रीन प्रिंटिंगनं त्यावर छापून घ्या आणि कार्डं टाचण्यांनी लावा. दोरीवर टांगता येतो, घडी करून पिशवीत जातो.

लिपीवर मात्र वेळ घालवा. मराठी मोठ्या अक्षरात आणि तेलुगू, कन्नड, उर्दू खाली बारीक, असं केलंत की कोण यजमान आणि कोण पाहुणा ते न सांगता सांगितलं जातं. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या 'बालू' या मोफत फॉन्टमध्ये देवनागरीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूसाठीही जुळी अक्षरं आहेत. चारही लिप्या एका वजनाच्या दिसतात, म्हणून शीर्षकांना तो चांगला. आणि प्रुफं त्या त्या भाषेच्या माणसानंच वाचलेली असू द्या.

कुणी काय निवडावं

हातात पंधरा दिवस असतील तर तयार फलकच करा. घाईनं मागवलेल्या आठवणी उथळ येतात आणि वस्तू हरवतात. दोन महिने आणि घरोघरी फिरणारी पाच-सहा माणसं असतील तर चौकटीची वाट घ्या. खर्च फार वाढत नाही. छपाईचा पैसा कमी होतो आणि फिरण्या-चहापाण्यात जातो. विषय वादाचा असेल, म्हणजे संप, जात किंवा दंगल, तर दोन्ही एकत्र लागतात. तारखा आणि घटना तपासलेल्या फलकावर, आणि त्याखाली प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या संमतीनं कार्डावर. नुसती मोकळी भिंत मी कुणालाच सुचवणार नाही. फार तर ती बाहेर पडायच्या दारापाशी अर्ध्या वाक्यासह ठेवा.

जागेचंही सांगते. होम मैदानाला गर्दी मिळते, पण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत तिथं शांतपणे बसून कुणाचं ऐकणं शक्य नाही. विडी कामगार बायकांचा विषय असेल तर प्रदर्शन पूर्व भागात किंवा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत भरवा आणि वेळ संध्याकाळची ठेवा. दिवसा त्यांच्या हातात काम असतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी मांडवात कुणालाच थांबवत नाही.

वस्तूंबद्दल एक नियम कडक पाळा. शक्यतो मूळ वस्तू ठेवून घेऊ नका. घरीच फोटो काढा आणि वस्तू तिथंच राहू द्या. ठेवायचीच असेल तर फोटोसह पावती द्या, परत देण्याची तारीख तिच्यावर लिहा आणि त्या तारखेला स्वतः नेऊन द्या. कार्डं स्कॅन करून एक संच वाचनालयात ठेवा आणि एकेक प्रत ज्यानं सांगितलं त्याच्या घरी पोचवा. ही पोचवण्याची फेरी कामाच्या यादीत आणि खर्चात पहिल्या दिवसापासून धरा.