एम42 ते सोनी ई रिंग: बिननावाची स्वस्त रिंग घ्यावी का?

हेलिऑस 44-2 सारखी जुनी स्क्रूची (म्हणजे एम42 माउंटची) लेन्स सोनीच्या ई माउंटच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीवर लावायला ही ॲल्युमिनियमची पोकळ रिंग लागते. आत काच नाही, चिप नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फारसं काही नाही. घ्यावी, पण बॉडीवर चढवण्याआधी मोजून घ्यावी.

सगळा खेळ जाडीचा आहे. एम42 लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत 45.46 मिमी अंतर लागतं, सोनी ई माउंटचं 18 मिमी. म्हणजे रिंग 27.46 मिमी भरायला हवी. ती 0.1 मिमी जरी जाड निघाली, तरी 58 मिमीच्या लेन्सचा फोकस साधारण 33 मीटरवरच संपतो. बेळगावजवळच्या राजहंसगडावरून दूरचं शहर टिपायला जाल तर सगळं मऊ येईल. पातळ असेल तर लेन्स अनंताच्या (सगळ्यात दूरच्या फोकसच्या) थोडी पुढे जाते आणि अंतराचे आकडे जुळत नाहीत, एवढंच. म्हणून बनवणारे बहुधा मुद्दामच थोडी पातळ ठेवतात, आणि ते बरंच आहे. मात्र चार बाजूंनी माप सारखं यायला हवं. एका बाजूला फरक असेल तर फोटोचा एक काठ कायम अस्पष्ट राहतो. घरच्या व्हर्नियरवर भागत नाही. 25 ते 50 मिमीचा मायक्रोमीटर हवा. उद्यमबागेत लेथवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर माप तिथेच होतं, आणि जाड निघाली तर तोंडावरून हलका कटही मारून मिळतो. कट मारल्यावर आट्यांतला बारीक किस ब्रशने आणि ब्लोअरने पूर्ण काढा. नव्या कोऱ्या रिंगेतही तो असतो, आणि पडला तर थेट सेन्सरवर.

दुसरी गोष्ट पिनची, म्हणजे ऑटो लेन्सच्या मागच्या, दाबली की ॲपर्चर बंद करणाऱ्या खिळीची. 44-2 ला मागे पिन नाही, कुठलीही रिंग चालते. 44एम-4 सारख्या ऑटो लेन्सला मात्र आतून कडा असलेलीच रिंग घ्या. ती कडा पिन दाबून ठेवते. ती नसेल तर लेन्सच्या ॲपर्चर रिंगवर 8 लावा की 16, ॲपर्चरच्या पाकळ्या उघड्याच राहतात. उलट पिन जास्त दाबली गेली की ॲपर्चर रिंग जड फिरते. तेव्हा जोर करू नका, लेन्स काढून घ्या.

या रिंगेचा खरा दोष आतल्या चकचकीत काळ्या रंगात आहे. गणपतीत कपिलेश्वर तळ्यापाशी समोरून दिवे आले की फोटोवर पांढुरका पडदा चढतो. आत मॅट काळा रंग किंवा काळी मखमली पट्टी लावली की फरक लगेच दिसतो.

मेन्यूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा, नाहीतर चिप नसल्याने बॉडीला लेन्स लावलीच नाही असं वाटतं. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेन्थ हाताने 58 भरा, यादीत 58 नसेल तर जवळचा आकडा. इथे चुकीचा आकडा राहिला तर फोटो उलट जास्त हलतो. एफ 2 वर उघडी लेन्स उन्हाकडे तोंड करून ठेवू नका. मिररलेसमध्ये सेन्सर समोरच असतो. टोपी लावा.

खानापूर, जांबोटीच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पाकिटात ठेवली की बुरशी आलीच. सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि जुनी लेन्स विकत घेतानाच मागून टॉर्च मारून जाळी दिसते का ते बघा.

डीएसएलआरवाल्यांना ही रिंग बसत नाही, त्यांची वेगळी येते. फुल फ्रेम कॅननवर काही लेन्सचा मागचा भाग अनंतावर आरशाला लागतो, तेव्हा आधी लाइव्ह व्ह्यूमध्येच (आरसा वर असताना) वापरा. निकॉन एफचं अंतर 46.5 मिमी, म्हणजे रिंगेला जागाच उरत नाही. अनंत साधायला काच घातलेली रिंग मिळते, पण ती तीक्ष्णता घालवते. ती घेऊ नका.