कंत्राटी फायरमनसाठी काय बरं: फुले योजना की ईएसआय?

18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. तेव्हापासून सोलापुरात सायरन ऐकला की पोटात गोळा येतो, आणि प्रश्न पडतो: धुरात शिरणारा कंत्राटी जवान स्वतः आजारी पडला तर?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात, हप्ता नाही. पण यादीतल्याच उपचारांना, तेही मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर. घरी पडून राहिलेल्या दिवसांचा पगार कोण देणार?

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कामगारांसाठीचा सरकारी विमा. त्याचं बळ नेमकं इथे आहे. पगारातून 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. कामावर भाजलं, हाड मोडलं, तर कामावर परतेपर्यंत साधारण 90 टक्के पगार सुरू राहतो. ओपीडी, औषधंही आलीच. मात्र पगार 21,000 च्या आत हवा आणि कंत्राटदाराने नाव नोंदवलेलं हवं. तिथेच घोडं अडतं.

धुराचा आजार तर वर्षांनी उगवतो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अग्निशमनाचं काम कर्करोगकारक ठरवलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जवानाचा ठरावीक कर्करोग कामामुळेच झाला, असं कायदा गृहीत धरतो. मला तसाच कायदा इथे हवाय. तोवर माझं मत ईएसआयला. कंत्राटदाराकडे आजच विमा क्रमांक मागा.