पावलांसाठी घेतला, गप्पांना लागला: एका वायरवाल्या हेडसेटचे आठ महिने

इंदूरच्या जेल रोडच्या दुकानदारानं हेडसेट हातात देताना छातीठोक सांगितलं होतं, "दीदी, दुश्मन के पाँव की आवाज़ ऐसी आएगी जैसे पीछे खड़ा हो." पावलं येतात, नाही असं नाही. पण ती ऐकून मी काही मोठे तीर मारलेले नाहीत; व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन खेळात मी ब्रॉन्झ या खालच्या श्रेणीत होते, ब्रॉन्झलाच आहे. आठ महिन्यांत मला ऐकू आलं ते भलतंच: ग्वाल्हेरच्या दादांचं चहात साखर ढवळणं, देवासच्या पोरीच्या होस्टेलच्या जिन्यावरच्या चपला, वडोदऱ्याला माझ्या भाच्याच्या खोलीतला कुरकुरणारा पंखा. म्हणून हे परीक्षण गप्पांच्या बाजूनं लिहिते आहे. पावलांबद्दल यूट्यूबवर ढिगानं सापडेल.

कंपनीचं नाव घालत नाही. शेजारच्याच काउंटरवर हुबेहूब हाच हेडसेट दुसऱ्या नावानं टांगलेला होता, तेव्हा नावाला किती अर्थ आहे कोण जाणे. वायरवाला, 3.5 मिलिमीटरची पिन, 50 मिलिमीटरचे स्पीकर, वर दुमडता येणारा माइक. डब्यावर वजन 310 ग्रॅम लिहिलंय, माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वायरसकट 338 भरलं. सांगितले 2,200, दिले 1,850. रंगीत दिव्यांसाठी एक जास्तीचं यूएसबीचं शेपूट आहे. ते पहिल्या दिवशी लावलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, दिवाळी होऊन गेली ना?" तेव्हापासून त्याला रबरबँड आहे.

मी रामबागेत राहते, घरीच आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, वय 43. हे अशासाठी सांगितलं, की हेडसेटची परीक्षणं वीस वर्षांची मुलं लिहितात आणि त्यांना चष्मा, सासूबाई आणि कुकर यातलं काहीच नसतं.

2020 च्या टाळेबंदीत भाच्यानं मला फोनवर पबजी शिकवला. 2 सप्टेंबरला त्यावर बंदी आली, 30 ऑक्टोबरला सर्व्हरही बंद झाले. तोवर आमची पाच जणांची टोळी जमली होती. खेळायला काही नाही, तरी रात्री साडेदहा वाजले की पाचही जण कॉलवर हजर. काय बोलायचो? घरची भाजी काय होती, कुणाच्या सोसायटीचा गेट किती वाजता लागतो, असलंच. दोन-तीन महिन्यांनी भाच्यानं सगळ्यांना कॉम्प्युटरवर व्हॅलोरंटला लावलं. टोळीतली निम्मी माणसं मी अजून पाहिलेली नाहीत. सगळे मला मावशी म्हणतात, माझ्याहून वर्षानं मोठे असलेले दादासुद्धा.

आता हेडसेटशी याचा संबंध. व्हॅलोरंटची एक फेरी 100 सेकंदांची. मेलात की पुढची फेरी सुरू होईपर्यंत नुसतं बघत बसायचं. मी आणि दादा बहुतेक वेळा पहिल्या पंधरा सेकंदांत मरतो. मग आमची चावडी भरते. खाली भाचा एकटा तिघांशी झुंजतोय आणि वर आम्ही दोघं, यंदा गराडू (हिवाळ्यात तळून खातात तो कंद) लवकर आले की उशिरा, यावर. जिवंत माणसाला पावलं ऐकायची असतात, तो ओरडतो, "चूप ना यार!" आम्ही चूप. चार सेकंद. मी सेज नावाचं पात्र घेऊन खेळते, तिला मेलेल्या साथीदाराला उठवता येतं. दादांना उठवलं की ते कुरकुरतात, "मावशी, किस्सा अर्धा राहिला."

तर अशा चावडीला माइक कसा लागतो? आवाज भरीव हवा, "ळ" आणि "ल" वेगळे कळले पाहिजेत, आणि दोघं एकदम बोलले तरी चिखल होऊ नये. इथं या हेडसेटला पूर्ण गुण. पोह्यांवरून आमचं तासभर भांडण चालतं. मी सांगते, आमचे पोहे वाफेवरचे, वर जिरावण मसाला, शेव, कच्चा कांदा आणि शेजारी जिलबी. भाचा वडोदऱ्यात राहून राहून बाटला आहे, तो म्हणतो सकाळी सेव उसळच पाहिजे. दादा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कचोरीवर अडून बसतात. त्या गदारोळात देवासची पोरगी हळूच काहीतरी बोलली आणि मला शब्दन्‌शब्द कळला. ती म्हणाली होती, "मेसमध्ये आज पुन्हा लौकी होती." दुध्याचं नाव ऐकून पाचही जण गप्प झाले.

उलट भाच्याचे ते बिनवायरचे इअरबड. गाणी ऐकताना झकास. पण कॉलवर माइक चालू झाला की ब्लूटूथ हँड्सफ्रीच्या जुन्या पद्धतीवर उतरतं, एकाच वाटेनं येणं आणि जाणं दोन्ही सांभाळायचं म्हणून आवाजाचा दर्जा खाली येतो. त्याला आम्ही आणि आम्हाला तो, सगळे जुन्या ट्रंक कॉलवर बोलल्यासारखे. नव्या उपकरणांत यावर उपाय आलाय, पण तो दोन्हीकडे असावा लागतो. 1,850 च्या आतबाहेर खेळायला आणि बोलायला घेत असाल तर वायर पत्करा.

वायरीचीही एक गंमत आहे, दुकानदार ती सांगत नाही. पिनवर तीन काळे पट्टे आहेत, म्हणजे ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकाच पिनेत. लॅपटॉपला चालतं. माझा डेस्कटॉप जुना, त्याला मागे हिरवं भोक वेगळं, गुलाबी वेगळं. नुसती पिन हिरव्यात घातली की ऐकू येतं, माइक मुका. पहिल्या रात्री मी अर्धा तास बोलत होते आणि ते पाचवं माणूस गप्प का म्हणून एकमेकांना विचारत होते. शेवटी दादांनी निकाल दिला, "मावशी रुसल्या." मी इकडे ओरडतेय, नाही हो! दुसऱ्या दिवशी 80 रुपयांचा वाय आकाराचा स्प्लिटर आणला. डब्यात तो द्यायला हवा होता.

खरी तक्रार वेगळी आहे. कान असे गच्च झाकले जातात की स्वतःचा आवाज डोक्यातून घुमल्यासारखा येतो आणि माणूस नकळत चढ्या आवाजात बोलतो. जुन्या काळ्या फोनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत यायचा, म्हणून त्यावर हळू बोलता यायचं. चांगल्या हेडसेटना ही सोय असते, साइडटोन म्हणतात. याला नाही. विंडोजमध्ये माइकचा आवाज स्वतःला ऐकवायची खूण करता येते, पण तो थोडा मागून येतो आणि आपण आपल्याच मागे धावत बसतो. रात्री पावणेबाराला मी "अरे डावीकडे!" म्हटलं की पलीकडच्या खोलीतून सासूबाई विचारतात, "कोण आलं गं?" माझा उपाय: उजवा कान उघडा ठेवायचा. पावलं निम्मी ऐकू येतात, घर पूर्ण.

आणि तो म्यूटचा स्विच. वायरीवर आहे, गुळगुळीत, दोन्हीकडे सारखाच वाटतो, बंद की चालू हे बोटाला कळत नाही, दिवाही नाही. (दिवे लावले कुठे, तर कानांवर, जिथे घालणाऱ्याला दिसतच नाहीत.) जानेवारीतली गोष्ट. हे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातून गराडू घेऊन आले, गार झालेले. म्यूट आहे असं समजून मी ह्यांना, त्या गराडूंना आणि ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या श्रीखंडालाही जे काही सुनावलं, ते तीन शहरांत थेट प्रक्षेपित झालं. हेडसेट परत घातला तर पलीकडे स्मशानशांतता. मग दादा म्हणाले, "लिंबू जास्त पिळा, गार असले तरी चालतील." तेव्हापासून मी बटण दाबून बोलायची सोय लावली आहे. कळ सोडली की माइक बंद. हा स्विच ज्यानं केला त्याला नणंद नसावी.

कुशनचं रेक्झिन मे महिन्यात सोलायला लागलं. इंदूरची दुपार, पंखा, घाम, कानाच्या मागे काळे कण चिकटलेले, एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅम, काजळ लागलंय का?" दुकानदार म्हणाला, गादी वॉरंटीत येत नाही. कापडाच्या गाद्या ऑनलाइन 260 ला मिळाल्या, त्या बऱ्या आहेत, चष्म्याची काडीही कमी टोचते.

माइक आजूबाजूचं सगळं उचलतो हा दोष समजतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, सगळं जातं. आम्ही ज्यावर बोलतो त्या डिस्कॉर्ड ॲपमध्ये आवाज गाळायची सोय आहे, एकदा लावली. रविवारी सकाळी खेळत होतो, दारात कचऱ्याची गाडी आली, तिचं गाणं सुरू झालं आणि मी पळाले ओला-सुका घेऊन. परत आले तर भाचा विचारतो, "मावशी, आज गाडी आली नाही का? गाणं ऐकूच आलं नाही." त्याचं बालपण याच गल्लीतलं. मी ती गाळणी काढून टाकली.

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा स्विचनं खाल्ला, अर्धा गाद्यांनी. पावलांसाठी घेत असाल तर आणखी हजार घाला. घेतलाच, तर स्प्लिटर तिथल्या तिथे मागून घ्या आणि स्विचच्या एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावा. मी लाल लावलाय.